फोडांची गोळी आणि वाटेवरची दारं

कंडक्टरचं तोंड रोज दोन-अडीचशे माणसं हातभर अंतरावरून बघतात. बाजाराच्या दिवशी तर त्याहून जवळून. माझ्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं फोड यायला लागले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, दोन लेकरांची आई होते, आणि साताऱ्याहून कडेगावमार्गे सांगलीला जाणाऱ्या साध्या गाडीवर कंडक्टर होते. या नोकरीत मला अकरा वर्षं झाली होती.

कॉलेजात असताना मुरमं आली होती, ती आली तशी गेली. हे फोड वेगळे होते. आतून यायचे, वाटाण्याएवढे, कडक, आणि त्यांना तोंडच नसायचं. नुसता ओढणीचा काठ लागला तरी कानापर्यंत कळ जायची. एक बसतोय तोवर शेजारी दुसरा तयार. बसलेल्याच्या जागी काळा डाग उरायचा, तो महिना महिना हलत नसे.

लोक बोलायचे. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. आपल्याकडे माणसाच्या तोंडाकडे बघून औषध सांगायची सवयच आहे. "बाई, उष्णता झालीया, सब्जा भिजवून घ्या." "पोट साफ हाय का?" "आवं, कडुलिंबाचा पाला वाटून लावा, आठ दिवसांत जातंय बगा." एकदा कॉलेजच्या एका पोरीनं तिकीट घेताना हळूच सांगितलं, "माझं पण असंच आहे, पण तुमचं वय..." आणि ती मध्येच थांबली. त्या दिवसापासून मी तोंडाला रुमाल बांधायला लागले. रुमालातून माझा आवाज मागच्या सीटपर्यंत जाईना, आणि घामानं फोड जास्तच चिडले.

नवरा शिरवळच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. तो एरवी माझ्या दिसण्यावर काही बोलत नाही. पण एका सकाळी मला आरशासमोर डोळे पुसताना बघून म्हणाला, "दुखतंय ना? मग ते दुखणंच हाय. दुखण्याला डॉक्टर लागतो. जा की."

डॉक्टर साताऱ्यातल्याच, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी दिव्याखाली हनुवटी धरून बघितली, पाळीचं विचारलं, रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा म्हणाल्या, "हे हार्मोनचं आहे. या वयात बऱ्याच बायकांना येतं. नुसत्या मलमानं भागणार नाही. एक गोळी देते. मूळची ती रक्तदाबाची, शरीरातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी. पण या फोडांना लागू पडते."

मग त्यांनी तोटेही सांगितले, काही न लपवता. लघवीला वरचेवर लागणार. तहान लागणार. पटकन उठलं तर चक्कर येणार. पाळी मागे-पुढे होणार. गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत. माझं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे ती काळजी नव्हती. शहाळ्याचं पाणी बंद आणि केळी बेतानं, कारण या गोळीनं रक्तात पोटॅशियम साठू शकतं आणि ते फार वाढलं तर हृदयाला धोका. मधून मधून रक्त तपासायचं. फरक दिसायला तीन महिने तरी लागतील.

"आणि पाणी तोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "तहान लागली की प्यायचंच. काम काय करता?"

"कंडक्टर आहे."

त्यांनी पेन खाली ठेवला. "मग लघवीचं कसं करता?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आईनं नाही, नवऱ्यानं नाही, दोन बाळंतपणं केलेल्या डॉक्टरनंही नाही. मी म्हणाले, "धरून ठेवते."

"किती वेळ?"

"साताऱ्यातून निघाल्यापासून सांगलीपर्यंत. चार तास. कधी साडेचार."

"आणि पाणी?"

"ड्युटी संपेपर्यंत पीत नाही."

त्यांनी पेन पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "दुसरं एक औषध आहे. पण त्यानं ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात, ऊन सोसत नाही. तुम्ही दिवसभर धुळीत आणि उन्हात. विचार करून सांगा."

मी विचार केला नाही. मला वाटलं, अकरा वर्षं जमवलंय, हेही जमवू. "हीच द्या," म्हणाले. त्यांनी अर्ध्या गोळीनं सुरुवात करून दिली.

पहिला आठवडा रजेचा आणि साप्ताहिक सुट्टीचा धरून घरीच काढला. तोंड सारखं कोरडं पडायचं. पाणी प्यायलं की तासाभरात उठावं लागायचं, आणि उठलं की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी. घरात ते सोपं होतं, भिंत धरायला होती. ड्युटीवर गेले तेव्हा पिशवीत पहिल्यांदाच पाण्याची बाटली होती. ती बघून शेजारच्या गाडीची कंडक्टर मैत्रीण म्हणाली, "बाटली? डोकं फिरलं का तुझं?" आम्हां बायकांना तेवढ्यात सगळं कळतं.

अडचण अशी होती की मधल्या स्टँडवर गाडी चार-पाच मिनिटं थांबते. तेवढ्यात नोंद करायची, उतरणारे उतरवायचे, चढणाऱ्यांची चौकशी ऐकायची. पुरुष प्रवासी त्याच वेळात भिंतीमागे जाऊन येतात. माझ्या भोवती मात्र त्या पाच मिनिटांत पाच माणसं उभी असतात, "बाई, ही गाडी पलूसला जाती का?" विचारत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी रहिमतपूर सोडलं आणि मला कळलं की आज सांगली काही गाठत नाही. गाडी भरलेली. बारा-तेरा माणसं उभी. मी सीटच्या दांडीला धरून तिकिटं देत पुढे सरकत होते आणि पोटात खाली एक जड दगड ठेवल्यासारखं झालं होतं. प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांत पाणी. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, बरं न्हाई का?" मी मान हलवली. पुसेसावळी यायला अजून बराच वेळ होता. रस्त्याकडेला एक फाटा आला, तिथे चार-पाच घरं, आणि मी काही विचार न करता घंटीची दोरी ओढली.

गाडी थांबली. कुणी उतरेना. ड्रायव्हरनं आरशातून मागे बघितलं. त्यांना मी मामा म्हणत असे. पन्नाशी ओलांडलेले, फौजेतून निवृत्त होऊन इकडे लागलेले, कमी बोलणारे. मी दरवाजातून खाली उतरले आणि सगळ्यात जवळच्या घराकडे अक्षरशः पळत गेले.

अंगणात एक बाई म्हशीला वैरण टाकत होती. साठीची असेल. मी तिच्यासमोर उभी राहिले, खाकी ड्रेस, गळ्यात तिकिटाचं मशीन. "मावशी, बाथरूम..." एवढंच म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. रस्त्यावरच्या गाडीकडे बघितलं. हातातली वैरण तशीच टाकली, दगडावरची बादली उचलून हौदात बुचकळली आणि पुढे चालायला लागली. घराच्या मागे पत्र्याचं दार होतं. तिनं दार उघडलं, बादली आत ठेवली आणि म्हणाली, "दे ते गळ्यातलं माज्याकडं. बिजल ते."

मी मशीन काढून तिच्या हातात दिलं. ते कुणाच्या हातात द्यायचं नसतं. पण त्या क्षणी मी ते दिलं.

बाहेर आले तेव्हा ती मशीन दोन्ही हातांनी छातीशी धरून दाराकडे पाठ करून उभी होती. पहाऱ्यावर उभं राहावं तशी. मी काहीतरी सांगायला लागले, गोळी चालू आहे, डॉक्टरनं पाणी प्यायला सांगितलंय. ती म्हणाली, "सांगायला कशापायी पायजे? बाईच हाय की मी." मग मला थांबवून तिनं पत्र्याच्या दाराकडे बोट दाखवलं. "फरशी बगितली का? गुलाबी. माज्या पोरानं बांदलंय, स्वता. मिलिट्रीत हाय. दोन महिन्याच्या सुट्टीला आला आन् सुट्टी सगळी यातच घातली."

मी म्हणाले, फरशी फार छान आहे. खरं म्हणजे मी बघितलीच नव्हती.

रस्त्यावर आले. मला वाटलं होतं गाडीत आरडाओरडा चालू असेल. तर मामा खाली उतरलेले, हातात लाकडी दांडकं, आणि एकेक चाकावर ठोकून कान देऊन ऐकताहेत. खिडकीतून कुणीतरी विचारत होतं, "काय झालं ओ?" मामा मान वर न करता म्हणाले, "हवा बघतोय. मागल्या टायरची शंका हाय." मी चढले. त्यांनी दांडकं सीटखाली ठेवलं, गाडी सुरू केली. माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोरी ओढायच्या आतच त्या फाट्यावर गाडीचा वेग कमी झाला. मामांना पुन्हा टायरची शंका आली होती.

ती शंका मग रोजची झाली. प्रवाशांतले काही नेहमीचे होते, शिक्षक, दूध संस्थेतला एक कारकून, सांगलीच्या दवाखान्यात जाणारे. ते बोलत नसत, पण हळूहळू त्यांना ठाऊक झालं असणार. एकानं एकदा नव्या प्रवाशाला समजावलेलं मी ऐकलं, "या गाडीचं टायर हिथं बघत्यात. पाच मिंटं लागत्यात."

सांगलीच्या बाजूला दुसरं दार मिळालं. पलूस ओलांडल्यावर एका गावात रस्त्यालाच लागून किराणा दुकान आणि मागे घर, जैन कुटुंबाचं. एकदा तिथे गाडीत चढायला आलेल्या त्या घरच्या आजींनी मला घाम पुसताना बघून स्वतःच विचारलं होतं. त्या सुनेला म्हणाल्या, "ह्या ताईला मागनं घेऊन जा." तिथून निघताना त्या दर वेळी तांब्याभर पाणी पुढे करायच्या, उकळून गाळून थंड केलेलं. मी म्हणायचे, आजी, पाण्यामुळेच तर हे सगळं. त्या म्हणायच्या, "डॉक्टरनं प्या म्हटलंय ना? मग पी. दार कुठं पळून चाललंय?" त्या स्वतः संध्याकाळनंतर पाण्याचा थेंब घेत नसत. मला मात्र उभं राहून पूर्ण तांब्या संपवायला लावत.

दीड महिना गेला. फोड होते तसेच होते, उलट एक नवा कानाखाली आला. डॉक्टरांनी गोळी पूर्ण केली. आणि मग चक्कर वाढली.

उसाचे दिवस होते. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, गाडी कशीबशी सरकत होती. कडेगावच्या अलीकडे मी मागच्या सीटवर बसून नोंद करत होते. कुणीतरी हाक मारली म्हणून पटकन उठले, आणि एवढंच आठवतं की माणसांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे लांब गेले.

डोळे उघडले तेव्हा मी सीटवर आडवी होते, डोकं कुणाच्या तरी मांडीवर. गाडी उभी. मामा दरवाजात उभे राहून पुरुषांना खाली उतरवत होते, "हवा लागू द्या, चला, खाली चला सगळे." माझ्याभोवती बायका होत्या. एक जण पदरानं वारा घालत होती. एका म्हातारीनं पिशवीतून शहाळं काढलं होतं आणि ती खाली रस्त्यावर उभ्या ऊसतोड कामगाराकडून त्याचं तोंड छाटून घेत होती. तिनं ते माझ्या ओठांना लावलं.

"शहाळं नको," मी म्हणाले.

"घे गं. अमृत हाय."

"नको आजी. चालत नाही मला."

"शहाळं चालत न्हाई? आजारी माणसाला शहाळं चालत न्हाई?" तिला ते फार लागलं. ते शहाळं ती सांगलीच्या दवाखान्यात जावयासाठी घेऊन निघाली होती, असं मागाहून कळलं.

"गोळी चालू आहे. त्या गोळीवर शहाळं घ्यायचं नाही."

"कसली गोळी? पोटुशी हायस व्हय?" वारा घालणारीनं विचारलं.

मी थकले होते. लपवायला अंगात जोर नव्हता. तोंडावरचा रुमाल कुणीतरी केव्हाच सोडला होता. मी म्हणाले, "हे फोड बघा ना. यांची गोळी. तिनं लघवीला लागतं, चक्कर येते. पाणी प्यायचं असतं, आज सकाळपासून प्यायले नाही मी. गाडीला उशीर होता, म्हणून भीती वाटली."

कुणी हसलं नाही. जिच्या मांडीवर माझं डोकं होतं ती एक शिक्षिका होती, रोज पुसेसावळीहून कडेगावला येणारी. चष्मा, पोस्टाच्या पेटीसारखी लाल पर्स, तोंडात कधी एक जादा शब्द नाही. ती म्हणाली, "मी सव्वीस वर्षं सकाळी निघताना चहासुद्धा पीत नाही. घरी सांगते, ॲसिडिटी होते."

मग वारा घालणारी म्हणाली, "लग्नाची वरात घेऊन कोल्हापूरहून आले तवा सात तास. नवरी मी. सगळे म्हणत हुते, लाजतीया. लाजती कसली, मला पायच हलवायला येत नव्हता." बायका हसल्या, ती स्वतःही हसली. खिडकीशी एक ऊसतोडणीतली बाई उभी होती, डोक्याला फडकं बांधलेली, बाहेरून आत बघत. तिनं विचारलं, "काय झालंय?" कुणीतरी सांगितलं. ती म्हणाली, "आमचं बरं हाय बगा. आमाला ऊस तरी हाय आडोशाला. तुमच्या गाडीत कुटलं?" आणि तिनं स्वतःची पाण्याची बाटली खिडकीतून आत दिली. प्लास्टिकची, भोवती ओलं पोतं शिवलेली. पाणी गार होतं. मी ते सगळं प्यायले.

मी तिथे आडवी पडून ऐकत होते. अकरा वर्षं रोज या बायकांना तिकिटं दिली. त्यांची गावं माहीत होती, कुणाची लेक कुठे दिलीय ते माहीत होतं. आणि मला वाटत होतं की ही एक गोष्ट फक्त माझी आहे, माझ्या नोकरीची. तर अख्खी गाडी ती गोष्ट घेऊन बसलेली. डाव्या बाजूच्या सीटवर, उजव्या बाजूच्या, उभ्या राहिलेल्या. इतकं मोठं काहीतरी माझ्या डोळ्यांसमोर रोज साताऱ्याहून सांगलीला जात होतं आणि मला दिसलं नव्हतं.  

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावून रक्तदाब बघितला, रक्त तपासलं. पोटॅशियम काठावर होतं. गोळी पुन्हा अर्धी केली. "पाणी न पिता ही गोळी घेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे," त्या रागावून म्हणाल्या. "फोड राहिले तर राहू देत. उद्यापासून बंद करू का?"

मी म्हणाले, "नको. पाणी पिते मी. आता सोय आहे."

"कुठे?"

मी सांगितलं. फाट्यावरची मावशी, पलूसपुढच्या आजी. त्या ऐकत राहिल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि गाडी थांबते?"

"ड्रायव्हर थांबवतात."

त्या महिन्यात पाळी दोनदा आली. दुसऱ्यांदा आली ती ऐन रस्त्यात, काही तयारी नसताना. फाट्यावर उतरले. अंगणात मावशी नव्हती. म्हैस नव्हती. घराचं पुढचं दार बंद होतं. मी परत फिरणार तेवढ्यात मागच्या पत्र्याच्या दाराकडे नजर गेली. कडी नुसती अडकवलेली, कुलूप नाही. आत बादली काठोकाठ भरलेली, वर झाकण. नवा साबण, कागदसुद्धा न काढलेला. खुंटीला धुतलेला पंचा. आणि कोनाड्यात घडी केलेलं स्वच्छ सुती कापड, एक नाही, चार. जुन्या मऊ लुगड्याची, सारख्या मापाची.

मी तिला पाळीचं कधी बोलले नव्हते. ती रानात गेली होती, गाडीच्या वेळेला आपण घरी नसू हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं हे करून ठेवलं होतं. मला काय लागू शकेल याचा एकटीनं बसून विचार केला होता. मी त्या गुलाबी फरशीवर उभी होते. आज ती मी खरंच बघितली, एकेक सांधा पांढऱ्या सिमेंटनं भरलेला, कोपऱ्यातला तुकडा नीट कापून बसवलेला. सीमेवरून आलेल्या एका फौजीनं सुट्टीत गुडघ्यांवर बसून बसवलेला. आणि त्याच्या आईनं ते दार एका अनोळखी बाईसाठी उघडं टाकून रानात जायचं. मला हात जोडावेसे वाटले. समोर कुणीच नव्हतं. तरी मी जोडले.

त्या दिवशी परतीची गाडी रिकामी होती. कडेगाव सोडल्यावर तर दोघं-तिघंच, तेही पेंगलेले. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "मामा, तुम्ही कधी काही विचारलं नाही."

"काय विचारायचं?"

"गाडी का थांबवायची ते."

त्यांनी पुढची ट्रॉली ओलांडून गाडी काढली. मग म्हणाले, "लगीन झाल्यावर बायकोला पहिल्यांदा जम्मूला घेऊन गेलो. दोन दिवसाची रेल्वे. डब्यात सगळे जवान. ही कोपऱ्यात बसलेली. मी दर टेशनवर विचारायचो, च्या घेतीस? पाणी देऊ? नको म्हणायची. मला वाटलं, घरची आठवण येतीया. गप पडून ऱ्हाऊ दे." त्यांनी गियर बदलला. "उतरल्यावर दुसऱ्या दिवशी तापानं फणफणली. तिथल्या डॉक्टरनं मलाच धारेवर धरलं. दोन दिवस एक थेंब प्याली न्हवती. डब्यातल्या गड्यांसमोरनं उठून जायाची लाज. आन् मी शेजारी बसलोय, ताई. शेजारी."

  रहिमतपूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "ते फोडाचं औषध लागू पडतंय का मग?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

लागू पडत होतं. चौथ्या महिन्यात एका सकाळी लेकीनं माझी वेणी घालताना हनुवटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई, इथे सपाट झालंय." मी आरसा घेतला. नवा फोड तीन आठवड्यांत आला नव्हता, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डाग होते, आहेत. पण कळ गेली होती. मी दोन बोटांनी जबडा दाबून बघितला, कानापासून कानापर्यंत. स्वतःच्याच शरीराचं असं नवल मला बाळंतपणानंतर पहिल्यांदा वाटलं. पोटात गेलेली एवढीशी गोळी, कुठल्या कुठे जाऊन काम करून आली होती. तोंड कोरडं पडायचं ते राहिलं, उठताना दांडी धरायची सवय राहिली. पाळी दोन महिन्यांत ताळ्यावर आली. रुमाल मी धुऊन कपाटात ठेवून दिला.

आणखी एक सवय लागली. गाडीत एखादी बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी दिसली, ओठ मिटून खिडकीबाहेर बघणारी, की मी तिच्याजवळ जाऊन हळूच सांगते, "पुढच्या फाट्यावर गाडी थांबणार आहे. माझ्याबरोबर चला." आधी त्या नाही म्हणतात. मग येतात. एकदा आम्ही पाच जणी उतरलो होतो, त्यात एक नव्वदीची. मावशीनं सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि नव्वदीचीला आधी आत घेतलं.

जूनमध्ये माझी बदली महाबळेश्वरच्या गाडीवर झाली. सांगली रस्त्यावरच्या शेवटच्या दिवशी मी मावशीसाठी साताऱ्याचे कंदी पेढे नेले. तिनं पुडा उघडून एक पेढा माझ्याच तोंडात घातला. मग माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि डोळे बारीक करून बघितलं. "चांगलं झालं की गं. लय आग हुती तोंडाला, पैल्या दिवशी बगितलं तवा."

"तुमच्यामुळं झालं, मावशी."

"माज्यामुळं कुटलं. तुज्या डागदरणीमुळं." तिनं पदराला हात पुसले. "आगं, पर तुजं नाव काय? माजं पोरगं फोनवर इचारतंय, कोण गं ती कंडक्टरीण. मला सांगताच येत न्हाई."

आठ महिने झाले होते. मी माझं नाव सांगितलं. तिचं विचारलं, तिनं सांगितलं, आणि सांगताना लाजली. नवऱ्याच्या मागं कुणी नावानं हाक मारली नव्हती म्हणाली. मी तिला तिच्या नावानं एकदा हाक मारली. ती "ओ" म्हणाली आणि आम्ही दोघी अंगणात उभ्या राहून हसत सुटलो.

रस्त्यावरून मामांनी हॉर्न दिला, अगदी लहान. मी चढले, दोन घंट्या दिल्या आणि पुसेसावळीची तिकिटं फाडायला सुरुवात केली. तिकिटं आता मशीनमधून निघतात, पण आम्ही अजून फाडणंच म्हणतो.